मी न विचारलेला प्रश्न

मागच्या महिन्यात अंबडच्या बाजारात एका माणसाने मला थांबवलं. शहागडकडचा शेतकरी होता, मला ओळखत नव्हता. त्याच्या बायकोचं पोट वाढत चाललं होतं आणि कुणीतरी त्याला सांगितलं होतं की वडीगोद्रीच्या कॉलेजवाल्या पोराच्या मायचं असंच झालं होतं, ती बरी झाली, तिला कोणता पाला दिला ते विचार. मी त्याला सांगितलं की पाला दिला नाही, हैदराबादला नेऊन पोट चिरलं, गाठ काढली, मग सहा आठवडे मशीनखाली ठेवलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते बराबर हाये, पन पाला कोन्ता?"

असा हा आतापर्यंतचा सहावा की सातवा माणूस. म्हणून लिहून काढतो. मी डॉक्टर नाही आणि मला लिहिण्याचा सरावही नाही. आमच्या घरात पुस्तक हातात धरणारा मीच पहिला. माझ्या हातून जे चुकलं तेही यात लिहिणार आहे, कारण ते वगळलं तर बाकीचं कुणाच्या उपयोगाचं नाही.

*

माझी माय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असेल. मी हैदराबादला इंटरला होतो. वैशाखात सुट्टीला घरी आलो तर गावाच्या तोंडाशीच एकाने हसत विचारलं, "कारं, तुला भाऊ येऊन राह्यला म्हने." मला आधी कळलंच नाही. घरी आलो आणि मायला पाहिलं तेव्हा कळलं.

हे घरात ठरवलं होतं आत्याने. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे आली आणि तेव्हापासून आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. तिने सुईणीला बोलावलं, सुईणीने पोटावर हात फिरवून सांगितलं की मूल आहे, पाणी जरा जास्त आहे. झालं. गल्लीतल्या बायका मायला डोहाळे विचारू लागल्या. अण्णा कुणाच्या नजरेला नजर देईनात. माय हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

मला काय वाटलं ते लिहायला जड जातं. मला राग आला. माझं लग्नाचं वय आणि यांचं हे काय, असं वाटलं. कॉलेजातल्या सोबत्यांना कळलं तर काय म्हणतील, याचीच मला काळजी. चार दिवस कसेबसे काढले आणि अभ्यासाचं निमित्त करून कुंभार पिंपळगावला एका मित्राकडे निघून गेलो, ते सुट्टी संपेपर्यंत. निघताना मायने दशम्या बांधून दिल्या. गाठोडं पुढे करताना तिच्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. हात पार काटकी झाले होते. पोट एवढं आणि हात असे. ते मी पाहिलं, आणि तरी गेलो.

*

श्रावणात अण्णांनी मास्तरांकडून पत्र लिहून पाठवलं. दिवस भरून गेले, काही हालचाल नाही, तू ये.

मी आलो तेव्हा मायला दोन घासांच्या वर जेवण जात नव्हतं आणि आडवं झालं की दम लागत होता. सुईण आता म्हणत होती की मूल पोटातच अडून बसलंय. आत्याने दारावर लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. मी म्हणालो जालन्याला नेऊ. त्यावर दोन दिवस नुसती बोलणी. नागपंचमी होऊ दे. सोमवारचा नको. बाईमाणसाला दवाखान्यात कोण हात लावणार. शेवटी अण्णांनी एका पहाटे कुणाला न विचारता गाडी जुंपली. अंबडपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. खड्डा आला की माय दोन्ही हातांनी पोट उचलून धरायची.

जालन्याच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. दक्षिणेकडच्या. त्यांना उर्दू येत होतं, मराठी जेमतेम. मायला उर्दू येत नाही. आमच्या संस्थानात शिकायचं ते उर्दूतच, माझंही सारं शिक्षण उर्दूत झालेलं, तेव्हा मधे मी. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे खरं आहे. आमच्या घरातलं कुणीतरी पहिल्यांदाच डॉक्टरांशी खुर्चीवर बसून बोलत होतं.

बाईंनी मायच्या पोटावर डावा तळवा ठेवला आणि उजव्या बोटाने त्यावर ठोकून ठोकून ऐकू लागल्या. माय मला हळूच म्हणाली, "बाजारात मडकं घेतेत तसं करून राह्यली रे ही." मला हसू आलं. मूल नाही हे बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं. पोटात पाणी भरलंय, ते कशामुळे ते शोधायला पाहिजे, म्हणाल्या. मग विचारायला लागल्या. ताप येतो का, कावीळ झाली होती का, पायावर सूज आहे का. मी मायला विचारायचो, उत्तर बाईंना द्यायचो. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग त्यांनी महिन्याच्या पाळीचं विचारलं. कधी बंद झाली, की अजून येते, मधे कधी रक्त जातं का.

उर्दूतला शब्द मला बराबर समजला. मराठीतला माझ्या तोंडून निघेना. आमच्याकडे बायका काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. कावळा शिवला, बाहेरची झाली. ते चार दिवस माय गोठ्याजवळ वेगळी बसायची आणि आम्ही पोरं तिला शिवायचो नाही. पण हे आईला विचारायचं असतं, आणि मुलाने, हे माझ्या डोक्यात बसेना. बाई वाट पाहत होत्या. मी मायकडे वळून म्हणालो, "माय, बाकी सगळं बराबर हाये ना?"

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "हाये."

मी बाईंना सांगितलं की सगळं ठीक आहे, नेहमीसारखं आहे.

बाईंना शंका असावी, कारण त्यांनी आतून तपासायचं म्हटलं. माय नको म्हणाली. तिची समजूत घाल, असं बाईंनी मला सांगितलं. मी घातली नाही. "ती तयार नाही," एवढंच सांगितलं आणि मान खाली घालून बसलो. मग त्यांनी माझ्या सांगण्यावर जे ठरवता येईल ते ठरवलं. जलोदर धरला, सुईने पाणी काढलं. तांब्या नाही, चांगल्या दोन बादल्या निघाल्या. पोट उतरलं, माय त्या संध्याकाळी अख्खी भाकरी जेवली आणि आम्ही खूश होऊन गावी आलो.

*

पंधरा-सोळा दिवसांत पोट पुन्हा तेवढंच.

गावात आता सगळ्यांना सगळं समजायला लागलं होतं. रोज कुणीतरी यायचं आणि काहीतरी सांगून जायचं. मीठ तोडा. गाईचं मूत द्या. करणी आहे. एकजण तर मला शहाणपण शिकवायला लागला की कॉलेजातलं पाणी डोक्यात गेलं म्हणून सुई टोचवली. मी भांडलो. मला भांडता येत नाही, पण भांडलो. आणि भाद्रपदात पुन्हा जालना.

या खेपेला पाणी काढताना मला बाहेर बसवलं. आत मायजवळ रहीमबी होती. ती तिथली आया, पन्नाशीची, पान खाणारी, तोंडाने फटकळ. पडद्यामागे काय झालं मला माहीत नाही. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली आणि व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "क्यों रे पढ़ेला बच्चा, तेरी माँ कू छे महिने से खून जा रा. कब्भी भी जा रा. अउर तू डागदरनी कू बोला सब बराबर?"

मला एकच सुचलं, की सहा महिने म्हणजे मी सुट्टीला आलो त्याच्याही आधीपासून.

रहीमबीने मायकडून हे काढून घेतलं होतं ते अगदी सोप्या रीतीने. मराठी तिला आमच्याइतकीच येत होती. तिने शेजारी बसून विचारलं, एवढंच. मग आतून तपासायलाही मायला तिनेच तयार केलं, हात धरून. पाणी उतरल्यावर बाईंच्या हाताला खाली ओटीपोटात टणक गाठ लागली.

बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर गर्भाच्या पिशवीचं चित्र काढलं, दोन्ही बाजूंना बदामासारखी दोन अंडाशयं. त्यातल्या एकाची ही गाठ आहे, म्हणाल्या, आणि पाणी तिच्यापायी आहे. मी विचारलं, तुम्ही काढाल का. त्या मला ऑपरेशनच्या खोलीत घेऊन गेल्या. उत्तरेला मोठी खिडकी, तिच्यासमोर टेबल. बाहेर पाच दिवसांची झड लागलेली. त्यांनी टेबलावर हाताची ओंजळ धरली आणि आत पाहा म्हणाल्या. ओंजळीत अंधार होता.

"ही जागा खोल असते," त्या म्हणाल्या. "मी वाकले की माझ्याच डोक्याची, माझ्याच हाताची सावली आत पडते. मोठी गाठ मी काढीन. पण तिची बारीक पिल्लं आजूबाजूला असली तर मला दिसणार नाहीत." हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात नवा दिवा बसवलाय, त्याची सावली पडत नाही, आणि हेच काम करणारे सर्जन तिथे आहेत. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि उशीर करू नका म्हणाल्या.

*

दोनच दिवसांनी पितृपक्ष लागत होता.

हे लिहितानाही माझं डोकं तापतं. आत्या म्हणाली पितरांच्या पंधरवड्यात चांगलं काम करत नाहीत, आणि सुरी लावणं तर नाहीच नाही, दसऱ्यानंतर न्या. अण्णा माझ्याकडे पाहायचे, मग बहिणीकडे पाहायचे. मी सांगून दमलो की महिनाभरात काय होईल ते सांगता येत नाही. आत्याचं उत्तर एकच, आमच्या घराण्यात आजवर असं झालं नाही. आमच्या घराण्यात आजवर पोटही चिरलं नव्हतं, हे मी बोललो, तर मलाच उद्धट ठरवलं.

माय भिंतीला टेकून ऐकत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ती आपणहून म्हणाली, "वन्सं, पितराकडं जायचंच आसंल तर याच पंधरवड्यात वाट जवळ पडंल. आन न्हाई गेले तर दसऱ्याला घरी. मला नेऊ द्या."

तिसऱ्या दिवशी आम्ही जालन्याहून रेल्वेत बसलो.

गाडीत अण्णा झोपल्यावर मी मायला विचारलं की सहा महिने गप्प का राहिलीस. मला वाटलं होतं लाजेपायी. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पोटुशी म्हनल्यावर निदान बसू तरी देत व्हते. न्हाई तर वावरात जावं लागलं आसतं. जीवच न्हवता रे अंगात."

*

मोठ्या दवाखान्याची एक वेगळीच कटकट असते, ती आधी माहीत असलेली बरी. नाव लिहायला एक खिडकी, पलंग मिळायला दुसरी, आणि पहिल्या खिडकीवाल्याला दुसरी कुठे आहे ते ठाऊक नसतं. मी तिथेच दोन वर्षं शिकत होतो, उर्दू वाचत होतो, तरी माझी ही गत. ज्याला वाचता येत नाही त्याने सोबत कुणालातरी न्यावं. पहाटे पाचला झाडू, सहाला थर्मामीटर, सातला साहेबांची फेरी, त्यावेळी नातेवाइकांनी दिसायचं नाही. मग दुपारभर काहीच नाही. अण्णा त्या मोकळ्या वेळात आवारातल्या झाडाखाली बसून, पाऊस किती झाला असेल, हे येणाऱ्याजाणाऱ्याला मराठीत विचारायचे.

चांगलं म्हणावं असंही होतं. शेजारच्या पलंगावर एक म्हातारी मुसलमान बाई होती, तिला मायचं बोलणं समजत नव्हतं आणि मायला तिचं. दोघी दिवसभर बोलत असायच्या.

सर्जनसाहेब बुटके, हळू बोलणारे. मी धीर करून त्यांना दिव्याचं विचारलं. त्यांना त्याचा राग आला नाही, उलट बरं वाटलं असावं. एका मोठ्या घुमटात अनेक आरसे बसवलेत, उजेड सगळ्या बाजूंनी येतो, म्हणून माझा हात मधे आला तरी खाली सावली धरत नाही, असं त्यांनी समजावलं. मी विचारलं, मग सगळं सापडेल ना. ते म्हणाले, दिव्याने डोळ्याला दिसेल ते सापडेल. बाकीचं मी हाताने चाचपून पाहतो, यकृतापासून खालपर्यंत. डोळ्याला दिसत नाही आणि हाताला लागत नाही ते मला कसं सापडणार.

मला हे उत्तर आवडलं नाही. मला वाटत होतं की एवढ्या लांब आलोय तर पक्कं सांगतील.

ऑपरेशन सकाळी आठला सुरू झालं आणि साडेअकरा वाजून गेले. अण्णा उठून उभे राहायचे, परत बसायचे. बाहेर आल्यावर साहेबांनी सांगितलं, डाव्या बाजूची गाठ खरबुजाएवढी होती, ती फुटू न देता अख्खी निघाली. उजवीकडे वाटाण्याएवढं नुकतंच सुरू झालं होतं, खाली आडोशाला. पिशवीसकट दोन्ही काढलं. आतड्यावर दोन-तीन दाणे दिसले तेही काढले. तो वाटाणा जालन्याला सापडला असता का, हे मी विचारलं नाही.

*

तुकडा तपासून आठवड्याने कागद आला. सरतान. मराठीत कर्करोग.

अण्णांनी आणि गावाहून आलेल्या आत्याने लगेच ठरवलं की मायला सांगायचं नाही. पाणी झालं होतं, काढलं, आता बरी आहेस, एवढंच. नाव ऐकूनच बाई खचते, आत्या म्हणाली. ती हे मायेने म्हणत होती, हे मला आज समजतं. तेव्हा मात्र तिचं तोंडही पाहवत नव्हतं. शिवाय तिला ती गाठ डोळ्यांनी पाहायची होती. दाखवली नाही म्हणून, काढलीच कशावरून, हे तिचं चालू होतं.

दुसऱ्या दिवशी फेरीला साहेबांनी मला विचारलं, आईला सांगितलंस का. आता मशीनच्या किरणांचा शेक द्यायचाय, सहा आठवडे. उलट्या होतील, अन्नाचा वास नको होईल. कशासाठी हे सोसायचं ते माहीत नसेल तर ती दुसऱ्याच आठवड्यात घरी पळेल, अशा कितीतरी बाया पळाल्या. तिला सांग आणि राहशील का ते विचार. ते तिथेच उभे राहिले. सोबत नर्स, दोन शिकाऊ डॉक्टर. पलंगाच्या पलीकडे अण्णा आणि आत्या. अण्णांनी मला डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं.

पुन्हा मधे मी.

मी म्हणालो, "माय, ती गाठ वाईट जातीची व्हती. कर्करोग म्हनतेत त्याला. दिसली तेवढी त्यायनी काढली. बारीक काही राह्यलं आसंल तर त्यायलाबी माहीत न्हाई. म्हनून सहा आठवडे मशीनखाली ठेवतो म्हनतेत. लई त्रास व्हईल. राहाशील का?"

आत्या रडायला लागली. अण्णा भिंतीकडे वळले.

मायने विचारलं, "राह्यलं न्हाई तर?"

मी साहेबांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं तिला सांगितलं, की परत वाढण्याचं भय जास्त.

"आन राह्यलं तर न्हाई वाढनार?"

तेही विचारलं. भय कमी, नाहीसं नाही.

तिने चादरीचा काठ चिमटीत धरला. मग म्हणाली, "राहाते. पन हिला आधी बाहेर न्या, हिच्या रडन्यानं टाके दुखून राह्यले."

*

ते सहा आठवडे वाईट गेले, त्याचं वर्णन करत नाही. ज्यांना त्यातून जायचंय त्यांनी एवढंच धरून ठेवावं की तिसरा-चौथा आठवडा सगळ्यात कठीण. मायने त्यात दोनदा गाठोडं बांधलं आणि दोनदा सोडलं. ताकाची निवळ आणि भाजलेल्या ज्वारीच्या पिठाची पेज एवढंच पोटात टिकायचं. दसरा आणि दिवाळी तिथेच झाली. माझी त्या सहामाहीची परीक्षा बुडाली.

मार्गशीर्षाच्या शेवटी पहिल्या तपासणीला गेलो. माय पडद्याआड गेली, आम्ही दोघं बाहेर. बऱ्याच वेळाने साहेब हात पुसत आले आणि म्हणाले, हाताला काही लागलं नाही.

अण्णांनी मला सांगितलं, इचार, म्हणजे बरी झाली का. मी विचारलं. साहेब म्हणाले, आज काही लागलं नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. अण्णा म्हणाले, ते समजलं, पण बरी झाली का न्हाई ते इचार. मी पुन्हा विचारलं. साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. अण्णांनी तिसऱ्यांदा विचारायला लावलं तेव्हा मला संताप आला. अण्णांचा आला की साहेबांचा, सांगता येत नाही. मलाही तेच एक उत्तर पाहिजे होतं आणि कुणी देत नव्हतं.

तेवढ्यात पडदा सारून माय बाहेर आली. पदर सारखा करत होती.

"अवो, किती डाव इचारसाल," ती अण्णांना म्हणाली. "तीन महिन्यात आपला शाळू निघतो. काढू आन यिऊ."

आणि आम्हाला तिथेच सोडून ती दाराकडे चालायला लागली.